रंगावर जाऊ नका, सांगाडा पाहा

जुन्या वाड्याचे वय ठरवताना जाणकार माणूस भिंतीचा रंग विचारात घेत नाही. तो जोते पाहतो, खांबाखालचे तळखडे पाहतो, विटेची जाडी पाहतो. रंग दर दिवाळीला बदलतो, दारे-खिडक्या एखाद्या पिढीत बदलतात, जोते मात्र वाडा उभा आहे तोवर तेच राहते. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी ट्रकचे वय सांगण्याची रीतही हीच आहे. पण एखाद्या प्रदर्शनात किंवा भंगाराच्या वखारीत असा ट्रक समोर आला की बहुतेकांची नजर आधी हिरव्या रंगावर, बॉनेटवरच्या पांढऱ्या ताऱ्यावर आणि टायरच्या जाड नक्षीवर जाते, आणि ‘बेचाळीसचे मॉडेल’ असा निकाल जागच्या जागी लागतो. तो निकाल बहुधा चुकतो, कारण सर्वांत कच्च्या साक्षीदाराची साक्ष सर्वांत आधी घेतलेली असते. लष्करी ट्रकवरचा प्रत्येक तपशील काही ना काही सांगतो, पण सगळे तपशील एकाच प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. ट्रक कोणी बनवला, त्याचा आराखडा कधीचा, तो प्रत्यक्ष कधी बनला आणि पुढे त्याचे काय झाले, हे चार वेगळे प्रश्न आहेत. ते वेगळे ठेवले आणि जो भाग बदलणे सर्वांत कठीण त्याला सर्वांत आधी विचारले, तर वयाचा अंदाज भक्कम पायावर उभा राहतो.

सुरुवात नावापासून करू, कारण पहिली गल्लत तिथेच होते. अमेरिकी सैन्याचा अडीच टनी, सहा चाकांना जोर देणारा जीएमसी ट्रक ‘सीसीकेडब्ल्यू’ या नावाने ओळखला जातो. १९४१ ते १९४५ या काळात तो पाच लाखांहून अधिक संख्येने बनला. १९४४ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत फ्रान्समधून आघाडीकडे रसद पोचवणाऱ्या ‘रेड बॉल एक्सप्रेस’चा मुख्य भार त्यानेच वाहिला. नावातली चारही अक्षरे अर्थपूर्ण आहेत. पहिला ‘सी’ म्हणजे १९४१ सालचा आराखडा, दुसरा ‘सी’ म्हणजे इंजिनच्या मागे बसवलेली नेहमीच्या धाटणीची केबिन, ‘के’ म्हणजे पुढच्या चाकांनाही जोर, आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे मागचे दोन्ही आस चालते. याच कंपनीचे पाण्यात आणि जमिनीवर चालणारे वाहन ‘डीयूकेडब्ल्यू’, त्यातला ‘डी’ १९४२ चा. ही किल्ली हातात आली की ‘सी’ पाहून ट्रक १९४१ चा ठरवण्याचा मोह होतो. पण १९४५ मध्ये कारखान्यातून बाहेर पडलेल्या शेवटच्या ट्रकवरही तोच ‘सी’ आहे. अक्षर आराखड्याचे साल सांगते, त्या विशिष्ट ट्रकच्या जन्माचे सांगत नाही. कॅनडात बनलेल्या, ‘कॅनेडियन नमुना’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ट्रकांच्या नावांत तर सालच नाही. ‘सी-६०-एल’ म्हणजे शेव्हरोलेचा, साठ हंड्रेडवेट म्हणजे तीन टन वहनक्षमतेचा, लांब चासीचा ट्रक. ‘एफ-१५-ए’ म्हणजे फोर्डचा, पंधरा हंड्रेडवेटचा, चारही चाकांना जोर देणारा. नावातून कूळ कळते, जन्मतिथी कळत नाही.

दुसरी गल्लत याहून सूक्ष्म आहे. दोन ट्रकांत फरक दिसला की एक आधीचा आणि एक नंतरचा असणार, असे आपण गृहीत धरतो. युद्धकाळात एकच आराखडा अनेक कारखान्यांना दिला जाई, आणि प्रत्येक कारखाना आपल्या यंत्रांना सोयीचे छोटे बदल करी. म्हणून पुष्कळ फरक ‘केव्हा’चे नसून ‘कोणाचे’ असतात. कॅनेडियन नमुन्याच्या ट्रकांत रेडिएटरपुढची जाळी पाहा. शंकरपाळ्यासारखे तिरके चौकोन असतील तर तो शेव्हरोले, उभ्या-आडव्या सरळ तारांचे चौकोन असतील तर फोर्ड. दोन्ही जाळ्या एकाच वेळी, दोन वेगळ्या कारखान्यांत बनत होत्या. जीएमसी ट्रकच्या मागच्या आसाचेही तसेच. काहींच्या आसाचे घर मधोमध दोन अर्ध्या भागांत जोडलेले असते, तर काहींचे घर अखंड असून मधला गोलसर भाग बँजो या वाद्यासारखा दिसतो. पहिला प्रकार टिमकेन या पुरवठादाराचा, दुसरा जनरल मोटर्सचा स्वतःचा. मागणी एवढी प्रचंड होती की एका पुरवठादारावर भागणे शक्यच नव्हते. अशा खुणांवरून साल काढू पाहणे म्हणजे दोन शिंप्यांनी शिवलेल्या सदऱ्यांच्या काजांवरून कोणता आधी शिवला हे ठरवण्यासारखे आहे.

कारखान्याची खूण आणि काळाची खूण यांतला भेद जीपमध्ये सर्वांत स्वच्छ दिसतो. सैन्याच्या कागदोपत्री जीप हाही एक ट्रकच होता, पाव टनी. आराखडा विलीजचा, पण एकट्या विलीजकडून पुरवठा होईना, म्हणून नोव्हेंबर १९४१ मध्ये फोर्डलाही कंत्राट मिळाले. विलीजच्या गाडीला ‘एमबी’ म्हणत, फोर्डच्या गाडीला ‘जीपीडब्ल्यू’. दोघांनी मिळून सव्वासहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. भाग एकमेकांत बसले पाहिजेत ही सैन्याची अट असल्यामुळे लांबून दोन्ही गाड्या जुळ्या बहिणी वाटतात. आता खाली वाकून रेडिएटरच्या पुढच्या बाजूला चासीच्या दोन पोलादी पट्ट्यांना जोडणारा आडवा दांडा पाहा. तो गोल नळीचा असेल तर सांगाडा विलीजचा, आणि उलट्या पन्हळीसारखा चौकोनी असेल तर फोर्डचा. ही खूण रंगाने झाकत नाही आणि पाना घेऊन तासाभरात बदलताही येत नाही. फोर्डने आपल्या लहानमोठ्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यांवरही, इंग्रजी ‘एफ’ अक्षर उठवले होते. पण बोल्ट कुठूनही आणून कुठेही लावता येतो. म्हणून एका बोल्टवरच्या ‘एफ’पेक्षा त्या आडव्या दांड्याच्या साक्षीला कितीतरी अधिक वजन आहे.

काळाची खरी खूण ओळखायची तर ती का बदलली हे कळावे लागते. कॅनेडियन नमुन्याच्या ट्रकांची केबिन हे याचे उत्तम उदाहरण आहे. युद्धकाळात कॅनडाने आठ लाखांहून अधिक लष्करी वाहने बनवली, आणि त्यांतली सुमारे निम्मी या नमुन्याची होती. जहाजात कमी जागा लागावी म्हणून ब्रिटिशांनी आखूड ट्रक मागितला होता, आणि स्टीअरिंग उजवीकडे हवे होते. त्यामुळे केबिन पुढे सरकली, तिच्यातच उत्तर अमेरिकेतले मोठे इंजिन कोंबावे लागले, आणि ट्रकला ते बसके, चपट्या नाकाचे तोंड मिळाले. ड्रायव्हरला पाय ठेवायला जेमतेम जागा उरे. या केबिनच्या तीन पिढ्या झाल्या, आणि त्यांना ११, १२ आणि १३ असे क्रमांक होते. पहिल्या दोन दिसायला जवळच्या आहेत. ठळक फरक बॉनेटचा. बाराव्या क्रमांकाचे बॉनेट मागच्या बाजूला बिजागरी ठेवून मगरीच्या जबड्यासारखे अखंड वर उघडते. तेराव्या क्रमांकाची केबिन मात्र लांबूनच ओळखू येते, कारण तिच्या समोरच्या दोन्ही सपाट काचा उलट्या कललेल्या आहेत. वरची कड पुढे आणि खालची कड आत. ही उलटी ठेवण दिसण्यासाठी केलेली नव्हती. काच खाली कलली की ड्रायव्हरच्या डोळ्यांवर येणारी चकाकी कमी होते, आणि काचेवरून परावर्तित होणारा सूर्यप्रकाश आकाशाकडे न जाता जमिनीकडे जातो, त्यामुळे शत्रूच्या विमानाला तो चमकारा दिसत नाही. ही केबिन साधारण १९४२ पासून युद्ध संपेपर्यंत बनली. म्हणून कललेल्या काचांचा मूळ ट्रक ‘चाळीसचा’ म्हणून कोणी दाखवला, तर ते म्हणणे तिथेच गळून पडते. अनुभवातून शिकून केलेला बदल सहसा मागे घेतला जात नाही, म्हणूनच तो काळ मोजण्याचा भरवशाचा टप्पा ठरतो.

बदलांचे दुसरे मोठे कारण म्हणजे टंचाई. युद्ध लांबले तसे पोलाद, रबर, जहाजातली जागा आणि कुशल हात या सगळ्यांची ओढाताण झाली, आणि ती ट्रकच्या अंगावर उमटली. जीएमसी ट्रक सुरुवातीला बंद पोलादी केबिन घेऊन आला. १९४३ च्या मध्यापासून त्याला कापडी छपराची उघडी केबिन मिळाली, कारण तीत पोलाद वाचे आणि छप्पर उतरवले की जहाजात उंचीही वाचे. त्याचा पोलादी हौदा मधल्या काळात लाकडी झाला. सोव्हिएत रशियाची ओढाताण याहून भीषण होती. १९४२ पासून बनलेल्या झिस-५ ट्रकच्या युद्धकालीन आवृत्तीत केबिन लाकडी आहे, गोलाई दिलेल्या मडगार्डच्या जागी सपाट पत्रा नुसता वाकवून बसवला आहे, दिवा एकच आहे आणि ब्रेक फक्त मागच्या चाकांना आहेत. जर्मनीत ऑगस्ट १९४४ मध्ये ब्रँडनबर्गच्या ओपेल कारखान्यावर बाँबफेक झाली. तोवर हाच ओपेल ब्लिट्झ ट्रक डाइमलर-बेन्झकडेही बनू लागला होता, आणि त्यावर लाकूड व दाबलेल्या पुठ्ठ्याची ठोकळेबाज केबिन बसली. या तिन्ही देशांत एक धागा समान आहे. गोलाई गेली, पत्रा गेला, लाकूड आणि कापड आले. लाकडी केबिनचा ओपेल समोर उभा असेल तर तो युद्धाच्या अखेरचा, हे सांगायला पाटीची गरज उरत नाही.

पण यातूनही सरसकट नियम बनवता येत नाही. ब्रिटनचा बेडफर्ड एमडब्ल्यू हा पंधरा हंड्रेडवेटचा ट्रक उलट दिशेने गेला. सुरुवातीच्या गाड्यांना दारेच नव्हती, बाजूला कापड होते आणि समोर घडीच्या दोन छोट्या काचा होत्या. १९४३ नंतरच्या गाड्यांना अर्धी दारे आणि पूर्ण रुंदीची काच मिळाली. दिवसचे दिवस थंडी-पावसात उघड्यावर बसलेला ड्रायव्हर दमतो आणि दमलेला ड्रायव्हर गाडी ठोकतो, याची जाणीव तोवर झाली होती. म्हणजे ‘साधा तो नंतरचा’ हा नियम जीएमसीला लागू पडतो आणि बेडफर्डला लावला की नेमका उलटा निकाल देतो. प्रत्येक कुळाचा इतिहास त्याचा त्यालाच विचारावा लागतो, आणि बदलामागचे कारण माहीत असले तरच बदलाचा अर्थ लावता येतो.

आता मुख्य सूत्राकडे येऊ. एखाद्या ट्रकवर अनेक काळांच्या खुणा असतील तर जन्मसाल कसे ठरवायचे? पुरातत्त्वात याचे एक जुने तत्त्व आहे. जमिनीच्या अबाधित थरात सातवाहनांची आणि शिवकालीन अशी दोन्ही नाणी मिळाली, तर तो थर शिवकाळाच्या आधीचा असू शकत नाही. जुने नाणे नव्या थरात येऊ शकते, नवे नाणे जुन्या थरात आपोआप येत नाही. ट्रकलाही हेच लागू आहे. जो भाग मूळचाच आहे अशी खात्री पटते, अशा भागांतला सर्वांत उशिराचा भाग जन्माची सर्वांत आधीची शक्य मर्यादा घालून देतो. त्याआधी तो ट्रक बनलेला असू शकत नाही. सगळा भार ‘मूळचाच आहे’ या शब्दांवर आहे, आणि म्हणून भागांची उतरंड लावावी लागते. सर्वांत वर चासी, तिला रिव्हेटने किंवा वेल्डिंगने जोडलेले दांडे आणि कंस. त्याखाली केबिन आणि हौदा, कारण ते बोल्टने बसतात आणि क्रेनने उतरतात. त्याखाली इंजिन, गिअरबॉक्स, आस. ते तर बदलले जाण्यासाठीच बनवलेले. सर्वांत खाली दिवे, चाके, टायर, ताडपत्री, आरसे आणि रंग.

ही उतरंड प्रत्यक्षात कशी उपयोगी पडते ते एका खुणेवर पाहू. विलीजने नोव्हेंबर १९४१ मध्ये जीप बनवायला सुरुवात केली तेव्हा रेडिएटरपुढे सपाट लोखंडी पट्ट्या वेल्ड करून केलेली जाळी होती. फोर्डने तिच्याऐवजी एकाच पत्र्यातून ठोकून काढलेली, नऊ उभ्या फटींची जाळी बनवली. ती हलकी होती आणि स्वस्तही, म्हणून १९४२ मध्ये विलीजनेही तीच उचलली. त्यामुळे पट्ट्यांची जाळी विलीजच्या पहिल्या सुमारे २५,८०० गाड्यांपुरतीच राहिली. आज संग्राहकांत अशा गाडीला मोठा मान आहे, किंमतही जास्त मिळते, आणि म्हणूनच नंतरच्या गाडीला अशी जाळी लावून तिला थोरली करण्याचे प्रयत्न होतात. जाळी बोल्टवर बसते, म्हणजे उतरंडीत तिचे स्थान खालचे आहे. तिचा दावा वरच्या साक्षीदारांपुढे तपासायचा. पुढचा आडवा दांडा गोल नळीचा आहे का? चौकोनी असेल तर सांगाडा फोर्डचा, आणि खटला तिथेच निकालात निघाला. नळीचा असेल तर चासीचा क्रमांक पाहायचा. विलीजची मोजणी १,००,००१ पासून सुरू होते, त्यामुळे पट्ट्यांच्या जाळीची मूळ गाडी साधारण सव्वा लाखाच्या आतबाहेरच संपली पाहिजे. क्रमांक तीन लाखांच्या घरातला असेल तर जाळी नंतर बसवलेली आहे. मग डॅशबोर्ड पाहायचा, कारण अगदी सुरुवातीच्या गाड्यांत तिथे झाकणाचा कप्पा नव्हता. चार साक्षी जुळल्या तर दावा मान्य, एकही वरची साक्ष फिरली तर अमान्य.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे. एवढा खटाटोप कशाला? डॅशबोर्डवर पाटी असते, तिच्यावर क्रमांक आणि सैन्याला सुपूर्द केल्याची तारीखसुद्धा असते. ती वाचली की झाले. पाटी मोलाची आहे यात शंका नाही, आणि ती मूळची असेल तर तिच्याइतके थेट उत्तर दुसरे कोणी देत नाही. पण पाटी चार स्क्रूंनी बसते. कप्प्याचे झाकण बदलले की तिच्यासकट बदलते. शिवाय हुबेहूब नव्या पाट्या आज विकत मिळतात, आणि त्यांच्यावर हवी ती तारीख ठोकता येते. चासीवरचा क्रमांक अधिक विश्वासाचा, पण तिथेही फरक आहे. फोर्डने क्रमांक डाव्या पट्टीच्या माथ्यावर थेट पोलादात ठोकला, विलीजने तो छोट्या पाटीवर कोरून ती आतल्या बाजूला रिव्हेट केली. पहिला खोडायचा तर पोलाद घासावे लागते आणि घासल्याची खूण उरते. दुसरा रिव्हेट उडवून निघतो. पाटी आणि सांगाडा एकमेकांशी जुळले तर पाटीवर विश्वास ठेवावा, जुळले नाहीत तर सांगाड्याची बाजू घ्यावी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लष्करी गाडीचे भाग अदलाबदल करण्यासाठीच घडवलेले असतात. दहा मोडक्या गाड्यांतून सात धावत्या गाड्या उभ्या करणे हे लष्करी वर्कशॉपचे रोजचे काम होते. मग अशा गाडीवरच्या तपशिलांना काही अर्थ उरतो का? कारखान्यातसुद्धा सरमिसळ झाली. १९४४ च्या सुरुवातीपासून विलीज आणि फोर्ड या दोन्ही जीपांचा पत्र्याची बॉडी एकाच पुरवठादाराकडून येऊ लागली. भारतात आलेल्या कॅनेडियन ट्रकांची कथा तर आणखी गुंतलेली आहे. त्यांतले पुष्कळ ट्रक सुट्या भागांच्या रूपात खोक्यांतून आले आणि इथे जुळवले गेले. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ पासून होता, फोर्डचीही मुंबईत जुळणी होती. याच चासींवर टाटा आणि रेल्वेच्या कारखान्यांनी चिलखती कवचे बसवली, आणि ‘टाटानगर’ या नावाने सैनिकांच्या तोंडी रुळलेल्या त्या चिलखती गाड्या साडेचार हजारांहून अधिक बनल्या. अशा गाडीची चासी कॅनडाची, कवच जमशेदपूरचे. तिचे जन्मसाल कोणते म्हणायचे? पण नीट पाहिले तर हा आक्षेप उतरंडीच्या बाजूनेच साक्ष देतो. सरमिसळ सगळ्या भागांत सारखी होत नाही. चाक बदलते, इंजिन बदलते, चासी मात्र वाकली तर गाडीच भंगारात जाते. आणि सरमिसळ ही स्वतःच माहिती आहे. १९४२ च्या चासीवर १९४४ चा पत्रा दिसला तर त्यातून जन्मसाल डळमळत नाही. १९४४ नंतर ही गाडी वर्कशॉपमध्ये जाऊन आली, एवढे आपल्याला जादा कळते. ‘कधी बनली’ आणि ‘पुढे काय झाले’ हे प्रश्न वेगळे ठेवले की गोंधळाचाच पुरावा होतो.

तिसरा आक्षेप कारखान्याच्या रीतीचा आहे. अमुक तारखेला जुना भाग बंद आणि नवा सुरू, असे कारखान्यात घडत नाही. जुना साठा संपेपर्यंत तो वापरला जातो, दोन जुळणी-ओळींवर वेगवेगळे भाग चालतात. मग महिना सांगणे हा आव नाही का? हा आक्षेप पूर्ण मान्य करायला हवा. एकच खूण महिना सांगू शकत नाही, ती कालखंड सांगते. पण तीन-चार स्वतंत्र खुणांचे कालखंड एकमेकांवर ठेवले की जो समान तुकडा उरतो तो बराच अरुंद असतो. ओतीव भागांवरच्या तारखाही याच रीतीने वाचाव्या लागतात. शेव्हरोलेच्या इंजिन ब्लॉकवर ओतकामाची तारीख उमटवलेली असते. महिना अक्षरात, ‘ए’ म्हणजे जानेवारी, मग दिवस, मग सालाचा फक्त शेवटचा आकडा. ‘सी १२ ४’ म्हणजे १२ मार्च, आणि साल ४ वर संपणारे. ते १९४४ की १९५४ हे त्या खुणेतून कळणारच नाही. ते सांगायला बाकीचा ट्रक लागतो. शिवाय ही तारीख ब्लॉक ओतल्याची आहे, ट्रक जुळवल्याची नव्हे. एवढे भान ठेवून वाचली तर तीही चांगली साक्ष आहे.

मग रंगाला काहीच किंमत नाही का? आहे, पण वेगळ्या प्रश्नासाठी. ब्रिटिश सैन्याने सुरुवातीला हिरवट खाकी वापरला. हिरव्या रंगद्रव्याचा तुटवडा पडल्यावर १९४२ पासून तपकिरी आला, आणि एप्रिल १९४४ मध्ये अमेरिकी गाड्यांशी मिळताजुळता ऑलिव्ह ड्रॅब ठरला. वरच्या थरातला रंग कालपरवाचा असू शकतो. पण पाटीच्या मागे, आसनाच्या पेटीखाली, हौद्याच्या बिजागरीआड जिथे ब्रश पोचत नाही तिथले थर एकावर एक जपलेले असतात. तिथे तपकिरी थर मिळाला तर ट्रकने कुठल्या सैन्यात कोणत्या काळात नोकरी केली याचा धागा हाती लागतो. जुन्या रंगाखाली कधी कधी मूळ लष्करी क्रमांकही मिळतो. रंग जन्माबद्दल कमी बोलतो, आयुष्याबद्दल पुष्कळ बोलतो.

आपल्याकडे या विवेकाची विशेष गरज आहे, कारण इथे ‘महायुद्धातली जीप’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या कित्येक गाड्या युद्धानंतरच्या आहेत. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे महिंद्र अँड महिंद्र झालेल्या कंपनीने त्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली. नंतर सीजे-३बी हे मॉडेल भारतात कित्येक दशके बनत राहिले. त्याचे बॉनेट ठळकपणे उंच आहे, कारण त्यातल्या इंजिनाचे इनलेट व्हॉल्व्ह माथ्यावर गेले आणि इंजिनच उंच झाले. हे मॉडेल १९५३ चे. त्याला ऑलिव्ह रंग द्या, तारा काढा, ते बॉनेट महायुद्धात नॉर्मंडीच्या लढाईला गेलेले असू शकत नाही. शिवाय विलीजच्या नागरी जीपांना जाळीत सात फटी आहेत, युद्धातल्या जीपला नऊ. पण फटी मोजूनही थांबू नये. फ्रान्समध्ये हॉचकिसने १९५५ ते १९६६ या काळात परवान्यावर बनवलेल्या एम-२०१ जीपला नऊच फटी आहेत, आणि त्या सुमारे २७,००० गाड्यांतल्या कित्येक आज युद्धातल्या म्हणून मिरवतात. भारतीय सैन्याच्या क्रमांकपाटीवरचा वर तोंड केलेला बाण आणि त्यापुढचे दोन आकडेही असेच जपून वाचायचे. ते गाडी सेवेत घेतल्याचे साल सांगतात. जबलपूरला १९५९ पासून बनू लागलेल्या शक्तिमान ट्रकच्या बाबतीत ते बनल्याच्या सालाच्या जवळ असते, परदेशातून वापरून आलेल्या गाडीच्या बाबतीत फार दूर असू शकते.

कोणी विचारेल, एका जुन्या ट्रकचे साल दोन वर्षांनी मागे-पुढे झाले तर बिघडले कुठे? खरेदीदाराचे पैसे बिघडतात हे तर उघडच आहे. केंद्र शासनाच्या २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राहिलेल्या वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी दिली आहे, तेव्हा ‘मूळ रूप’ म्हणजे काय हा आता कागदोपत्रीही खरा प्रश्न आहे. पण त्याहून मोठी गोष्ट इतिहासाची आहे. लाकडी केबिन, एकुलता दिवा, उलटी काच, ठोकून काढलेली जाळी या प्रत्येकात एका कारखान्याची अडचण आणि त्या अडचणीतून काढलेला मार्ग गोठून राहिलेला आहे. चुकीचे साल लावले की ते कारणच पुसले जाते, आणि मागे उरतो तो नुसता हिरवा रंगवलेला पत्रा.

म्हणून ज्यांच्या हाती असा ट्रक येतो, मग ते संग्राहक असोत, संग्रहालय असो की गॅरेजवाले, त्यांना एकच कळकळीची विनंती आहे. घासकाम आणि रंगकाम सुरू करण्याआधी एक दिवस थांबा. चासीवरचा क्रमांक, आडवे दांडे, रिव्हेट, ओतीव भागांवरची अक्षरे, पाटीच्या मागचे रंगांचे थर, या सगळ्याची छायाचित्रे घ्या आणि कोणता भाग कुठून निघाला ते वहीत लिहून ठेवा. बदललेले भाग फेकू नका. रंग पुन्हा कधीही देता येतो. ग्राइंडरने घासून टाकलेला क्रमांक पुन्हा उमटत नाही.